चोरबाजारातल्या निगेटिव्ह: प्रिंट विकायच्या आधी काय करावं?

गिरगावकर: मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर पत्र्याचा डबा घेतला. १२० फिल्मच्या (रुंद रोलच्या) निगेटिव्ह, साधारण चारशे फ्रेम. पाकिटांवर छायाचित्रकाराचं नाव आणि तारखा आहेत, १९६४ ते ७८, गिरणगाव आणि भाऊचा धक्का. ते १९९१ साली वारले, मुलगी डोंबिवलीत असते असं कळलं. डब्याची पावती आहे. निवडक प्रिंट काढून विकता येतील का?

कलम१७: पावतीने फिल्म तुमची झाली, छायाचित्रं नाहीत. कॉपीराइट वारसांचा. आणि एकट्या मुलीची सही पुरणार नाही. ते हिंदू असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, आई, सगळे मुलगे-मुली, आधी वारलेल्या मुलांची मुलं, सगळ्यांचा हिस्सा धरा. शिकागोची छायाचित्रकार व्हिव्हियन मायर हिचं उदाहरण बघा. निगेटिव्ह घेणाऱ्याने फ्रान्समधल्या एका नातेवाइकाकडून हक्क विकत घेतले होते, तरी २०१४ साली दुसरा नातेवाईक पुढे आला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

वारसांशी करार लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मग परदेशी गिऱ्हाईक आलं की अडकता. सक्सेशन सर्टिफिकेटच्या (कोर्टाच्या वारस दाखल्याच्या) मागे लागू नका, ते येणी आणि रोख्यांपुरतं असतं. हक्क कोर्टातून पक्का करायचा असेल तर लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मृताच्या मालमत्तेचा कारभार बघण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र) उपयोगी, पण मृत्युपत्राशिवाय वारलेल्या हिंदूच्या वारसांना ती सक्तीची नाहीत.

पाकिटांवर बिल नंबर किंवा गिऱ्हाइकाचं नाव असेल तर ती वेगळी काढा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, गिऱ्हाईक असतो.

दादरचा वाचक: मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे ३१ डिसेंबर २०५१ ला सगळं मोकळं ना?

कलम१७: इतकं सरळ नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम २२ हयातीत प्रकाशित झालेल्या कामाबद्दल आहे. मरणोत्तर प्रकाशनाच्या कलम २४ मध्ये साहित्य, नाटक, संगीत आणि एन्ग्रेव्हिंग (कोरीव ठशाचं चित्र) आहे, छायाचित्राचं नावच नाही. २०१२ च्या दुरुस्तीत छायाचित्रांचं वेगळं कलम २५ गेलं आणि ही फट राहिली. म्हणून २०५१ वर बेत आखू नका, हक्क चालू आहे असंच समजा. ‘नमुन्यादाखल’ इन्स्टाग्रामवर टाकलं तरी ते उल्लंघनच. वारस सापडलेच नाहीत, तर कलम ३१अ खाली परवान्याचा अर्ज करता येतो.

डार्करूम: डबा आधी हुंगून बघा. व्हिनेगरचा वास आला तर अ‍ॅसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, कुजतंय. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून लांब ठेवा, आम्लाची वाफ चांगल्या फिल्मलाही लागते. पीव्हीसीचे स्लीव्ह नकोत, मुंबईच्या दमटपणात इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनचे घ्या.

आज काढलेली प्रिंट ‘व्हिंटेज’, म्हणजे फोटो काढला त्याच काळातली, म्हणून विकणं ही फसवणूक आहे. प्रिंटमागे निगेटिव्हचं साल, प्रिंटचं साल, ‘मरणोत्तर’ हा शब्द आणि कोणी काढली ते लिहा. क्रॉप करू नका, पूर्ण फ्रेम ठेवा, कारण त्यांनी स्वतः कसा कापला असता ते कुणालाच माहीत नाही. कलम ५७ खाली विद्रूपीकरणावर वारस हरकत घेऊ शकतात.

जुनी पाकिटं फेकू नका. स्कॅनच्या नावात पाकिटाचा नंबर घाला. कोणता फोटो कुणाच्या हक्काचा, हे ठरवायला तेवढंच हाताशी असतं.