मदत हवी आहे: मोझेलच्या द्राक्षमळ्यांतून सायकलने जायचंय, पण गाड्यांचा आवाज नको

सावरी
नमस्कार. जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठाने सायकलवर फिरायचं आहे, चार-पाच दिवस. जेवढे व्हिडिओ बघितले त्या सगळ्यांत सायकलच्या वाटेला खेटून मोठा रस्ता दिसतो आणि त्यावर मोटारसायकलींचे ताफे. ते अजिबात नको आहे. डोंगर, मळे, लहान गावं आणि शांतता हवी. कुठून कुठे जावं आणि मुक्काम कुठे करावा? मुलगा म्हणतो आज रात्रीपर्यंत खोल्या ठरवल्या नाहीत तर काही मिळणार नाही. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.

घाटवेडा
कधी जाताय? सायकली स्वतःच्या की भाड्याच्या? बॅटरीच्या की साध्या? किती जण? चढ चालतो का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

प्रवासी पक्षी
शेंगेन व्हिसासाठी प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, हे विसरू नका. तारीख मिळायला वेळ लागतो, आधीच घेऊन ठेवा. दोन देशांत फिरणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार तिथल्या वकिलातीत अर्ज करायचा.

सावरी
व्हिसा आहे, धन्यवाद. आम्ही मुलाकडे आलोच आहोत.

घाटवेडा
कुठे आलात? जर्मनी मोठा देश आहे.

र्‍हाइनकाठ
सावरीताई, आधी मूळ अडचण सांगते. ट्रिअर ते कोब्लेन्झ नदीकाठाने सुमारे २०० किमी आहे आणि वाट जवळजवळ सपाट. म्हणूनच सगळे तिथे येतात. नदीचं खोरं अरुंद असल्यामुळे रस्ता, सायकलमार्ग आणि कुठे कुठे रेल्वे, सगळं एकाच चिंचोळ्या पट्ट्यात बसवलेलं आहे. पण हे सगळीकडे सारखं नाही. जिथे मोठा रस्ता एका काठावर आणि सायकलमार्ग समोरच्या काठावर आहे, तिथे पाण्याशिवाय काही ऐकू येत नाही. पूल ठिकठिकाणी आहेत, काठ बदलत राहायचा. आणि शनिवार-रविवार कोखेमच्या आसपास जाऊ नका. तिथला किल्ला बघायला बसगाड्या भरून माणसं येतात.

आल्सासप्रेमी
मोझेल कशाला? फ्रान्समधल्या आल्सासला जा. तिथला वाइनमार्ग १९५३ पासूनचा आहे, मार्लेनहाइम ते थान, साधारण १७० किमी. सायकलींसाठी मळ्यांमधून वेगळी वाट आखलेली आहे, मोठ्या रस्त्यापासून दूर. मागे व्होज पर्वत, समोर मैदान. गावं मोझेलपेक्षा कितीतरी देखणी. शांतता हवी असेल तर याला पर्याय नाही.

घाटवेडा
रिकविर आणि एगिसहाइममध्ये सप्टेंबरात पाय ठेवायला जागा नसते हो. त्याला शांतता म्हणायचं?

आल्सासप्रेमी
गावात गर्दी असते, मळ्यांत नसते. सकाळी आठला निघा, दुपारी गावात शिरूच नका. आणि त्यांनी डोंगर मागितलाय, नदीकाठची सपाटी नाही.

सावरी
आल्सास नको. मुलगा फ्रँकफुर्टला आहे, मोझेल जवळ पडतं. आणि पलीकडच्या देशात भाषेची पंचाईत. मोझेलबद्दलच सांगा ना. आम्ही दोघं आहोत, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाणार.

घाटवेडा
हे पहिल्या पोस्टमध्येच हवं होतं. सायकलीचं अजून सांगितलं नाहीत.

सावरी
सायकली मुलाकडच्या, साध्या, गिअरच्या. पुण्यात आम्ही दोघंही नियमित चालवतो. पण यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सलग मोठा चढ डॉक्टरांनी मना केलाय.

वॅटवाला
मग एकच उत्तर, बॅटरीची सायकल भाड्याने घ्या. सगळे प्रश्न संपले. गुडघ्यावर ताण येत नाही, नदीवरून वर पठारावर दोनशे-तीनशे मीटर चढलात तरी दम लागत नाही, आणि वर आयफेलच्या डोंगराळ भागात रस्त्यांवर कुत्रंही नसतं.

घाटवेडा
पंचवीस किलोच्या आसपासची सायकल रेल्वे स्टेशनच्या जिन्यावरून कोण उचलणार? लहान स्टेशनांवर लिफ्ट नसते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस?

वॅटवाला
भाड्याने तिथेच घ्यायची, रेल्वेत न्यायचीच कशाला? लोकांनी हट्ट सोडायला हवा. वयाप्रमाणे साधनं बदलावीत.

सावरी
आम्हाला साध्याच चालवायच्या आहेत. कृपया मार्ग सांगा.

र्‍हाइनकाठ
आता नीट सांगता येईल. चढ नको आणि शांतता हवी, तर उखडलेल्या रेल्वेमार्गांवर जा. तिथे चढ कधीच अंगावर येत नाही आणि गाडी शिरू शकत नाही.

फ्रँकफुर्टहून कोब्लेन्झमार्गे प्रादेशिक गाडीने विट्लिश. तिथून डाऊनला जाणारी सायकलवाहू बस पकडा, हंगामात चालते, मागे सायकलींचा ट्रेलर असतो. जागा आधी राखून ठेवा, नाहीतर भरलेली बस निघून जाते. डाऊन आयफेलमध्ये वर आहे, आजूबाजूला ज्वालामुखीच्या विवरांतली गोल तळी आहेत, त्यांना तिकडे मार म्हणतात. तिथून बर्नकास्टेल-कूसपर्यंत मार-मोझेल सायकलमार्ग, सुमारे ५८ किमी, जुन्या रेल्वेच्या पुलांवरून आणि बोगद्यांतून. बहुतेक उतारच. दिवा बरोबर ठेवा, बोगद्यात गारठा असतो, एक जाकीट हाताशी असू द्या. विट्लिशला एक रात्र थांबलात तर दोन निवांत टप्पे होतात.

बर्नकास्टेलहून नदीच्या वरच्या अंगाने ट्रिअरकडे वळा, साठेक किमी. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे बहुतेक अंतर काठाने रेल्वे नाही. कोब्लेन्झहून येणारी गाडी बुलायनंतर नदी सोडून आतून विट्लिशमार्गे जाते. पीस्पोर्टला वळणावर मळ्यांचं अख्खं नाट्यगृह उभं आहे आणि पायथ्याशी रोमन काळातलं द्राक्षं तुडवायचं ठिकाण सापडलंय, ते उघड्यावर बघता येतं. नॉयमागेन-ड्रोनला वाइनची पिंपं वाहून नेणाऱ्या रोमन नावेचं दगडी शिल्प सापडलं. मूळ ट्रिअरच्या संग्रहालयात आहे, गावात प्रतिकृती. मुक्काम या दोघांपैकी एका गावात करा, बर्नकास्टेलमध्ये नको.

ट्रिअरला पोचल्यावर शेवटचा दिवस रूवरच्या खोऱ्यासाठी ठेवा. रूवर-होखवाल्ड सायकलमार्ग, हाही जुना रेल्वेमार्ग, हेर्मेस्काइलपर्यंत ५० किमीच्या आसपास. सगळा करू नका. मेर्टेसडोर्फ, कासेल, वाल्ड्राख इथपर्यंत मळे आहेत, पुढे जंगल. चढ इतका मंद की गुडघ्याला कळणार नाही. वाटेल तिथून मागे फिरा, परत येताना उतारच आहे.

घाटवेडा
उत्तम मार्ग. एक भर घालतो. ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यात प्रादेशिक गाडीत सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर सायकल फुकट नेता येते, शनिवार-रविवारी दिवसभर. नऊच्या आधी चढू नका. एरवीही त्या वेळी डबे कामावर जाणाऱ्यांनी भरलेले असतात.

वॅटवाला
बुलाय ते ट्राबेन-ट्रारबाख ही छोटी रेल्वेही आहे की. तो भाग सोडणार? आणि ब्रेमचं कालमोंट? युरोपातला सगळ्यात चढा मळा म्हणतात, काही ठिकाणी ६५ अंश. ते न बघता मोझेल बघितलं कसं म्हणायचं?

र्‍हाइनकाठ
त्यांना चार-पाच दिवसांत सगळं उरकायचं नाहीये, त्यांना आवाज नकोय. कालमोंट पुढच्या खेपेला. त्याच भागात बाईकस्वारांची सगळ्यात आवडती वळणं आहेत.

दिंडोरीकर
नमस्कार, माझा सायकलचा काही अनुभव नाही, पण द्राक्षाचा आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे खायची द्राक्षं मांडवावर आणि वाइनची तारेवर. मोझेलच्या फोटोत एकेका वेलीला एकेक खांब दिसतो, तो का? आणि एवढ्या वर, थंडीत, फळ पिकतं कसं?

र्‍हाइनकाठ
नमस्कार दादा. इतक्या तीव्र उतारावर तारेच्या रांगा घातल्या की आडवं चालता येत नाही. खांब असला की माणूस वेलीच्या चारी बाजूंनी फिरू शकतो. दोन काड्या वाकवून खांबाला बांधतात, बदामासारखा आकार येतो. नवीन लागवडीत तारही दिसते. माल आणि माणसं वर न्यायला काही ठिकाणी एकाच रुळावरची छोटी गाडी आहे. पिकण्याचं म्हणाल तर जमीन पाटीच्या दगडाची आहे, तो दिवसभर तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. दक्षिणेकडे तोंड केलेला उतार आणि खाली नदी, म्हणून रिस्लिंग हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष तिथे जमतं. काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

दिंडोरीकर
म्हणजे आमची फळछाटणी सुरू होते तेव्हा त्यांची काढणी. आमचा वाइनचा माल जानेवारी ते मार्च. आणि आम्ही वर्षातून दोन छाटण्या घेतो, त्यांची एकच असणार, थंडीतली. ताई, तुम्ही गेलात तर एखाद्या जुन्या वेलीच्या बुंध्याचा फोटो नक्की काढा.

प्रवासी पक्षी
वाइन चाखून सायकल चालवायला तिथे काही हरकत नसते, सगळे तेच करतात.

घाटवेडा
चुकीचं सांगू नका. जर्मनीत सायकलस्वारालाही मर्यादा आहे. रक्तात १.६ प्रति हजार अल्कोहोल असेल तर थेट गुन्हा, आणि झोकांड्या खात चालवत असाल किंवा अपघात झाला तर ०.३ लाही. चाखायचं ते मुक्कामी पोचल्यावर.

र्‍हाइनकाठ
अनुमोदन. संध्याकाळी स्ट्राउसविर्टशाफ्ट शोधा. द्राक्ष-शेतकरी आपल्याच घरी किंवा अंगणात चालवतो, वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, स्वतःचीच वाइन आणि साधं जेवण. दारावर झाडू किंवा पानांची माळ लटकत असेल तर उघडं समजायचं. सप्टेंबरात फेडरवाइसर मिळेल, अजून आंबत असलेला रस. त्याची बाटली घट्ट बंद नसते, वायू बाहेर जायला हवा म्हणून. ती सायकलच्या पिशवीत आडवी ठेवू नका, सगळे कपडे भिजतील.

सावरी
मनापासून आभार. नेमकं हेच हवं होतं. मी शाकाहारी आहे, हे सांगायचं राहिलं. कांद्याचा केक मिळतो असं वाचलं, तो चालेल ना?

घाटवेडा
त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. फ्लामकूखन या पातळ, भाजलेल्या रोटीवरही. मागवताना «ओहने श्पेक», म्हणजे ते मांस नको, असं म्हणा. बटाट्याचे तळलेले वडे मिळतात, तेही विचारूनच घ्या.

आल्सासप्रेमी
फ्लामकूखन मूळचं आल्सासचं आहे, एवढंच नोंदवतो.

सावरी
विट्लिशची आणि नॉयमागेनची खोली मिळाली. ट्रिअरला एका रात्रीसाठी कोणी देत नाहीये, सगळे किमान दोन रात्री म्हणतात. काय करू?

र्‍हाइनकाठ
दोन रात्री घ्या, रूवरचा दिवस त्यातच बसतो आणि सामान खोलीवर ठेवून जाता येईल. नाहीतर सायकल-संघटनेचं बेट-बाइक चिन्ह असलेली घरं बघा, ती एका रात्रीसाठीही सायकलवाल्यांना घेतात आणि सायकली कुलपात ठेवायला जागा देतात. डाऊनच्या बसची जागा मात्र आजच राखा. खोली उद्याही मिळेल, पण ट्रेलरवर सायकली मोजक्याच बसतात.