मदत हवी आहे: ४८ व्या वर्षी परदेशात नोकरी, करिअर कोचला पैसे द्यावेत का?

नमस्कार मंडळी, नवऱ्यासाठी विचारतेय. वय ४८, मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत ऑपरेशन्सचा व्हीपी. कंपनी विकली गेलीये आणि नवीन मालक वरच्या जागांवर आपली माणसं आणतायत, त्यामुळे आज ना उद्या नंबर लागणार हे दिसतंय. मुलगी बारावीला आहे, ती मार्गी लागली की आम्ही दोघं कुठेही जायला मोकळे, म्हणून दुबई, सिंगापूर नाहीतर जर्मनी असं डोक्यात घेतलंय.

तर लिंक्डइनवरून एक कोच मागे लागलाय, फक्त सीनियर लोकांनाच घेतो म्हणे. पावणेदोन लाख अधिक जीएसटी. त्यात सीव्ही, प्रोफाइल, मॉक इंटरव्ह्यू, जर्मनीच्या अपॉर्च्युनिटी कार्डचं (तिथे जाऊन नोकरी शोधायच्या परवान्याचं) काम आणि ‘हिडन जॉब मार्केटचा ॲक्सेस’. ॲग्रीमेंट मी वाचलं (आमच्याकडे न वाचता सही करायची पद्धत आहे), त्यात नोकरीची जबाबदारी आमची नाही आणि पहिल्या सेशननंतर पैसे परत नाहीत असं स्वच्छ लिहिलंय. फोनवर मात्र तीन महिन्यांत ऑफर! नवरा म्हणतो, मला आजवर नोकरी शोधावीच लागली नाही, दर वेळी कोणीतरी बोलावून नेलं, आता शोधायची कशी तेच माहीत नाही. ते मला पटतं पण म्हणून एवढे पैसे? कोणी घेतलाय का असा कोच, आणि घ्यायचा तर काय काय विचारून घ्यावं?

एचआरवाला_बाबू: ताई, कोचला पैसे तुम्ही देता, सर्च फर्मला (कंपन्यांसाठी वरची माणसं शोधून देणारी मंडळी) कंपनी देते, हा फरक आधी पक्का करा. कॉर्न फेरी, स्पेन्सर स्टुअर्ट, इगॉन झेंडर वगैरे मंडळी व्हीपीच्या वरच्या जागा भरतात, फी साधारण पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश, आणि उमेदवाराकडून छदाम घेत नाहीत. हिडन मार्केट म्हणतात ते बरंचसं हेच, जागेची जाहिरात येतच नाही. त्याची किल्ली कोचकडे नसते. तिथे शब्द चालतो तो जुन्या बॉसचा नाहीतर जुन्या कस्टमरचा, आणि तो तुमच्या मिस्टरांच्या फोनमध्ये आधीच असेल. दुसरं म्हणजे, बाहेर नोकरी लावून देतो म्हणून पैसे घेत असेल तर त्याला १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली एजंट म्हणून नोंदणी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर यादी आहे, आणि अशा एजंटलाही ३०,००० अधिक जीएसटीच्या वर घेता येत नाही. म्हणून तर कागदावर ‘कोचिंग’ लिहितात.

श्टुटगार्टची_सून: अपॉर्च्युनिटी कार्डवरून हसू आलं. जून २०२४ पासून सुरू झालंय, निदान ६ पॉइंट लागतात, वयाचे पॉइंट चाळिशीनंतर शून्य. अनुभव, इंग्लिश, थोडं जर्मन धरून ६ जुळतीलही, पण त्यातून मिळतं काय, तर वर्षभर इथे राहून नोकरी शोधायची परवानगी, तोवर खर्च स्वतःचा, आठवड्याला २० तास पार्टटाइम. व्हीपी माणूस असा दारोदार फिरत नाही हो. ऑफर हातात असेल तर सरळ ब्लू कार्ड, म्हणजे नोकरीवरचा परवाना होतो. खरी अडचण भाषेची. प्लांट चालवायचा म्हणजे बेट्रीब्सराटशी, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या कमिटीशी रोज गाठ, शिफ्ट बदलायच्या तरी त्यांना विचारावं लागतं आणि ते सगळं जर्मनमध्ये. पैसे खर्चायचेच तर पुण्यात मॅक्समुलर भवनला घाला.

जेबल_अलीकर: दुबईसाठी डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे सरकारी शिक्के, आत्ताच सुरू करा, आधी महाराष्ट्र सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई एम्बसी, मग इथलं मंत्रालय. ऑफर आल्यावर धावाधाव होते. ऑफरमध्ये बेसिक किती ते बघा, ग्रॅच्युइटी बेसिकवरच मिळते. आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला इथल्या कायद्याने मनाई आहे, कोणी मागितला तर फोन ठेवा.

सेरांगून_रोड: सिंगापूरला पंचेचाळिशीच्या पुढे एम्प्लॉयमेंट पाससाठी (तिथला वर्क व्हिसा) महिना किमान १०,७०० सिंगापूर डॉलर पगार लागतो (२०२५ पासून), वर कंपास नावाच्या पॉइंट पद्धतीत ४० पॉइंट. पगार २२,५०० च्या वर गेला तर पॉइंटची भानगड नाही.

सुपा_एमआयडीसी: मी कोच घेतला होता, पण तासावर, पॅकेज नाही. आयसीएफ या कोच लोकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं पीसीसी सर्टिफिकेट आहे का ते बघितलं, त्याला निदान ५०० तास कोचिंग केलेलं लागतं. उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. सीव्हीत मी लिहिलं होतं ‘दोन प्लांटची जबाबदारी’. कोचबाईंनी विचारलं, मग? मालाचं रिजेक्शन किती होतं, किती झालं, त्यातून वर्षाला किती वाचले, हे काढताकाढता जुन्या रिव्ह्यूच्या फायली उपसाव्या लागल्या. मॉक इंटरव्ह्यूत तर पंचाईतच. मी सारखा ‘आम्ही केलं, आमच्या टीमने केलं’, आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं म्हणजे शेखी वाटते. ती प्रत्येक वाक्याला थांबवून विचारायची, त्यात तुम्ही काय केलंत? घाम फुटला. पण खऱ्या इंटरव्ह्यूत तोच प्रश्न आला. मिस्टरांनी कोचच्या दोन जुन्या क्लायंटशी स्वतः बोलावं. नंबर द्यायला कां कूं केलं तर समजून जा.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याला वाचायला दिलं. जुन्या कस्टमरला फोन करायचा म्हणजे त्याला हात पसरल्यासारखं वाटतं, दोन दिवस त्यावरच वाद. शेवटी काल एका जुन्या परचेस हेडला मेसेज टाकलाय, जेवायला भेटू म्हणालेत. कोचला म्हटलं तासावर असेल तर बोलू, तर पावणेदोन लाखावरून लगेच नव्वद हजारावर आला :) जुन्या क्लायंटचे नंबर मागितलेत, ‘कॉन्फिडेन्शियल असतं मॅडम’ म्हणतोय.

@जेबल_अलीकर, डिग्री पुणे विद्यापीठाची आहे, नाव बदलायच्या आधीची. अटेस्टेशनला तीच चालते की नवीन काढावी लागते?