क्लिगा हेडच्या ग्रॅनाइटमधले करडे पट्टे

एक्झेटरची_मावशी:
पोरांना सुट्टी होती म्हणून कॉर्नवॉलला जाऊन आलो. पेरनपोर्थजवळ क्लिगा हेड नावाचा समुद्रकडा आहे. पांढुरका ग्रॅनाइट आणि त्यात सतरंजीसारखे उभे करडे पट्टे, एकाशेजारी एक. प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध गारगोटीची बारीक शीर. जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यातून मुठीएवढा तुकडा उचलला (कड्याला हात लावलेला नाही!). गारगोटीत काळे चकचकीत दाणे आहेत आणि तुकडा भलताच जड लागतो. इथे कथील निघायचं म्हणे, म्हणजे आजीच्या भांड्यांना कल्हई व्हायची तेच. पण साध्या ग्रॅनाइटमध्ये कथील टनामागे चार-पाच ग्रॅमच असतं ना? मग एका जागी एवढं आलं कुठून? आणि ते पट्टे कसले?

जुना_हातोडा:
मावशी, खडीसाखर करताना पाहिली आहे का? दोऱ्यावर स्वच्छ खडे धरतात आणि खड्यात न मावणारं सगळं खालच्या पाकात उरतं. शिलारस थिजतो तेव्हा तसंच होतं. फेल्डस्पार, गारगोटी, अभ्रक यांचे स्फटिक आधी बनतात. त्यांच्या जाळीत कथील नीट बसत नाही, टंगस्टन, बोरॉन, लिथियम बसत नाहीत, पाणीही फारसं मावत नाही. ही सगळी नकोशी मंडळी शेवटच्या रसात गोळा होतात, आणि तो हलका रस ग्रॅनाइटच्या घुमटाच्या माथ्याशी साठतो.

पुढे त्या रसातून पाणी फुटून वेगळं होतं. ते जास्त जागा मागतं, दाब वाढतो आणि वरचं थिजलेलं छत तडकतं. तुमच्या शिरा म्हणजे त्या भेगा. चारेकशे अंशांचं खारट, आम्लधर्मी पाणी त्यांतून वर घुसलं, त्यात कथील क्लोराइडशी जोडी जमवून विरघळलेलं. (कल्हईवाल्याच्या नवसागरातही क्लोराइडच असतं बरं.)

आता पट्टे. भेगेच्या दोन्ही बाजूंचा फेल्डस्पार त्या पाण्याने खाल्ला आणि त्याजागी अभ्रक नि गारगोटी आली. या करड्या दगडाला ग्रायझन म्हणतात. फेल्डस्पार खाता खाता पाण्यातलं आम्ल खर्ची पडतं, आणि आम्ल संपलं की कथील पाण्यात टिकत नाही, कॅसिटेराइट (कथिलाचं काळं खनिज) होऊन बसतं. म्हणून मी नव्या पोरांना सांगायचो, काळे दाणे नंतर शोधा, आधी करडा दगड शोधा.

गोंदियाकर:
मग आमच्या शेजारच्या मलाजखंडला ग्रॅनाइटमध्ये तांबं कसं? कथील का नाही?

जुना_हातोडा:
शिलारस कुठल्या दगडातून वितळला त्यावर आहे. कॉर्नवॉलचा 27 ते 29 कोटी वर्षांपूर्वीचा रस जुन्या गाळाच्या खडकांतून आला, त्यात ऑक्सिजनचा दुष्काळ. अशा रसात कथील शेवटपर्यंत सुटं राहतं. तांब्याला वेगळ्या, जास्त ऑक्सिजनच्या रसाची सोबत मानवते. मलाजखंडचं तांबं सुमारे 250 कोटी वर्षांचं, तेही गारगोटीच्या शिरांतच. ते नेमकं कसं घडलं यावर आमच्या लोकांत अजून भांडणं चालू आहेत, त्यात मी इथे पडत नाही.

सह्याद्रीचा_भटक्या:
आणि आमच्या काळ्या पाषाणात?

जुना_हातोडा:
तो बेसाल्ट, लाव्हा होऊन पसरला आणि भराभर थिजला. पाक मुरायला वेळ कुठे मिळाला? महाराष्ट्रात हा प्रकार बघायचा तर नागपूर जिल्ह्यात खोबण्याला जा, तिथे गारगोटीच्या शिरांत टंगस्टन आहे.

मावशी, क्लिगाला टंगस्टनही होतं, दुसऱ्या महायुद्धात काढलंय. तुमचे काळे दाणे कशाचे ते पाहा. स्वयंपाकघरातल्या सुरीचं टोक फिरवा. कॅसिटेराइटवर ओरखडा उठत नाही, वुल्फ्रमाइटवर (टंगस्टनच्या खनिजावर) उठतो. टूर्मलीन (हेही काळंच खनिज) असेल तर तुकडा इतका जड लागणार नाही.

एक्झेटरची_मावशी:
उठला हो. तपकिरी-काळी भुकटी निघाली. कल्हई गेली, बल्बची तार आली! धाकटा आता घरातल्या प्रत्येक दगडावर सुरी चालवतोय.