मदत हवी आहे: खोताची वाडी, लाकडी जिना आणि मंगलोरी कौलं

नमस्कार मंडळी. गिरगावात सेंट तेरेसा चर्चच्या समोरच्या गल्लीत, खोताच्या वाडीत, माझ्या मैत्रिणीचं माहेर आहे. परवा रविवारी बऱ्याच वर्षांनी गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका पाठारे प्रभू खोताने ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबांना जागा विकल्या, त्यातून ही वाडी उभी राहिली. एकेकाळी ६५ घरं होती, आता त्याच्या निम्मीही नाहीत. वाडीच्या डोक्यावर टॉवर वाकून बघतायत.

काकू ऐंशीच्या पुढे. बाहेरच्या लाकडी जिन्याची तिसरी पायरी पाय ठेवला की करकरते, खालून वाळवीचा भुसा पडतो. ओसरीवरची दहा-बारा कौलं फुटलीत, तिथे निळं प्लास्टिक बांधलंय. एक कंत्राटदार म्हणाला, "सगळं काढून सिमेंटचं करू, कटकटच नको." काकूंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावला. (बरं केलं!)

तर विचारायचं होतं: जुन्या सागवानी जिन्याची डागडुजी करणारा सुतार कुणाच्या ओळखीत आहे का? पाडलेल्या घरांतली जुनी मंगलोरी कौलं मुंबईत कुठे मिळतील? आणि वाडी हेरिटेज यादीत असल्याने एवढ्याशा कामालाही हेरिटेज समितीची परवानगी लागते का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. पावसाआधी निदान कौलं तरी बसवायची आहेत.

पेइंग गेस्ट ठेवा, कॅफे काढा हे सल्ले नकोत. काकूंना तिथे फक्त राहायचंय.