ड्राय सिरप : ‘खुणेपर्यंत पाणी’ एवढंच पुरत नाही

लहान मुलांचं अँटिबायोटिक ड्राय सिरप, म्हणजे बाटलीतली पाणी घालून तयार करायची पावडर, देताना औषध दुकानदाराने ‘बाटलीवरच्या खुणेपर्यंत पाणी घाला’ एवढं सांगितलं की झालं, असं काहीजण म्हणतात. पटत नाही. पावडर तळाशी घट्ट बसलेली असते. आधी बाटली हलवून ती सुटी करायची. मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या खालपर्यंत घालून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मगच खुणेपर्यंत भरायचं. फेसच खुणेला टेकला म्हणून थांबलात तर पाणी कमी पडतं, औषध दाट होतं आणि बाळाला दर वेळी जास्त मात्रा जाते.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे असंच एक अँटिबायोटिक; पाणी मिसळल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. मिसळल्यापासून ७ दिवसांनी उरलेलं टाकायचं. ती तारीख दुकानातच बाटलीवर लिहा. घरचे चमचे लहानमोठे असतात, मिलीच्या खुणा असलेली सिरिंजच द्या.