बॉम्बे हायच्या खाली चुनखडी कुठून आली?

जांभा_रत्नागिरी:
प्रश्न बावळट वाटेल पण विचारतोच. आमच्याकडे विहीर खणताना जांभा संपला की काळा कातळ, मग सुरुंगच. आणि पोराच्या पुस्तकात लिहिलंय बॉम्बे हायचं तेल चुनखडीत आहे. मुंबईपासून समुद्रात १६०-एक किमीवर चुनखडी कशी? आणि दगडात तेल राहतं कसं, मला वाटायचं खाली तळं असेल.

गाळसाळ:
तळं नाही हो, स्पंज समजा. कातळ तिथेही आहे पण पार खाली, काही ठिकाणी तर ग्रॅनाइट. लाव्हारस थंडावल्यावर तो भाग खचत गेला आणि वर उथळ, कोमट समुद्र आला, त्यात फोरॅमिनिफेरा नावाचे बारके जीव नि चुना धरणारी शेवाळं, ती मेली की कवचं तळाला, असं लाखो वर्षं. गाळाचं पाणी आलं की हा कारभार बंद, म्हणून मध्येमध्ये शेलचे म्हणजे चिखलाच्या दगडाचे थर. मुख्य तेल ज्यात आहे तो एल-३ थर साधारण २ कोटी वर्षांपूर्वीचा.

जांभा_रत्नागिरी:
म्हणजे आजोबा शिंपल्या भाजून चुना करायचे तोच माल! पण चिखल दाबून घट्ट झाला तर भोकं कुठून?

गाळसाळ:
माल तोच. आणि भोकांचं श्रेय पावसाला. समुद्र खाली गेला की ही चुनखडी उघडी पडायची, पावसाचं पाणी किंचित आंबट असतं, ते तिला खात जायचं. पुन्हा समुद्र वर, पुन्हा थर. तेल मात्र तिथलं नाही, ते शेजारच्या खोलगट भागातल्या पन्ना नावाच्या जुन्या थरांत शिजलं आणि सरकत सरकत उंचवट्याकडे आलं, वर शेलचं झाकण म्हणून अडकलं. १९७४ ला सापडलं ते हे. माझ्या मते तेल तयार होण्यापेक्षा हे अडकणंच जास्त नशिबाचं.

रिगवाला_निवृत्त:
त्यात एक भर, स्पंज म्हटलंत तरी सगळीकडे सारखा नाही. कोअर म्हणजे दगडाची नळकांडी वर यायची, एक तुकडा चाळणीसारखा, तेलाचा वास मारणारा, नि लगेच त्याच्या खालचा पाट्यासारखा ठणठणीत. म्हणून एक विहीर धो धो नि जवळचीच सुस्त, असं व्हायचं, आणि बॉस आमच्यावर चिडायचा.