चौथीच्या गणिताला गट पाडले, पण बोलतो एकच

पाटीपेन्सिल: सोलापूर, पूर्व भाग. वर्गात 42 मुलं, सहा-सहाचे 7 गट. हातच्याची वजाबाकी दिली की गटातला एक हुशार सोडवतो, बाकीचे उतरवून घेतात. घरी तेलुगू बोलणारी मुलं तर तोंडच उघडत नाहीत. तास 35 मिनिटांचा. काय बदलू?

फळा_आणि_खडू: आधी सहाचे गट मोडा. सहा जणांत दोघं हमखास लपतात. चार-चारचे 9 आणि तीन-तीनचे 2 केले की 42 बसतात. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे तोंड फिरवलं की गट तयार. बाकं सरकवत बसू नका, त्यातच पाच मिनिटं जातात.

प्रत्येकाला 1 ते 4 क्रमांक द्या. गणित एकच: 52 चादरी, 37 विकल्या, उरल्या किती? पहिली 2 मिनिटं वहीत एकट्यानं, चिडीचूप. हे टाळलंत तर पुढचं सगळं फुकट, कारण ज्याच्या वहीत काहीच नाही तो बोलणार काय? मग 6 मिनिटं पाळीपाळीनं "मी आधी काय केलं" एवढंच सांगायचं. उत्तर सर्वांत शेवटी. नंतर तुम्ही एक क्रमांक पुकारायचा आणि त्या मुलानं दुसऱ्याची रीत सांगायची. कोणता क्रमांक येईल ते आधी कळता कामा नये. तिघांच्या गटात 4 आला तर 1 नं उठायचं.

दशकसुटे: वरचं पटलं, पण खरी गंमत चुकीच्या उत्तरात आहे. काही वह्यांत 25 येणारच: 5 तून 3 गेले 2, आणि 2 तून 7 जात नाहीत म्हणून 7 तून 2 काढले. ते 25 नाव न घेता फळ्यावर 15 शेजारी लिहा आणि गप्प राहा. गटाला दहा-दहा काड्यांचे 5 गठ्ठे आणि 2 सुट्या काड्या द्या, म्हणा "आता 7 सुट्या उचल". हात दोनावरच थांबतो, मग कोणीतरी गठ्ठा सोडतं. त्या क्षणी "बरोबर!" म्हणू नका. "का सोडलास?" विचारा. एखादा 37 वर 3 घालून 40, मग आणखी 12 असं मोजत 15 वर येईल. तीही रीत फळ्यावर घ्या.

दोनभाषी: तेलुगूवाल्यांचं वेगळंच आहे. मराठीत सत्तावन्न म्हणजे आधी सात, मग पन्नास. तेलुगूत "याभै एडु", आधी पन्नास. कन्नडमध्येही "ऐवत्तेळु", तसंच. म्हणून ऐकून 57 चे 75 लिहिले जातात आणि आपण म्हणतो वजाबाकी येत नाही. संख्या तोंडी सांगू नका, लिहून दाखवा. गटात तेलुगूत बोलू द्या, वर्गाला सांगताना मराठी. "मी आधी… कारण…" हे अर्धवट वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात कायम असू द्या.

पाटीपेन्सिल: आणि गोंगाट?

फळा_आणि_खडू: गोंगाट होणारच, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. कान देऊन ऐका: आकडे ऐकू येताहेत तोवर चालू द्या, खोडरबरावरून भांडण लागलं की वेळ संपली समजा. रोज नको, आठवड्यातून दोन तास पुरे.